दिवसाउजेडी खेळा : क्रिकेट नियामक मंडळाच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

मुरबाड, जिल्हा ठाणे

माननीय अध्यक्ष,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
वानखेडे क्रीडांगण, मुंबई, यांचे सेवेसी –



आपले दप्तर ज्या वानखेडे क्रीडांगणाच्या आवारात आहे, तेथून शंभरेक किलोमीटरांवर, माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके आहेत. त्यांची मुंबईशी ओळख जुनी आहे; तानसा आणि भातसा हे मुंबईची तहान भागविणारे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हेही आपल्या कानी केव्हा तरी आले असेल. परंतु पाण्याची गाऱ्हाणी घेऊन मी आपल्या दारी आलेलो नाही. त्यांचा दरबार निराळा आहे, आणि तेथे आमच्या दरखास्ती यथाकाल पडून आहेतच. माझी विनंती क्रिकेटच्या वेळापत्रकापुरती आहे, ती आपल्याच अधिकारातील आहे, आणि ती आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियाच्या अथवा इंग्लंडच्या महिला संघाचा दौरा ज्या ज्या हिवाळ्यात भारतात होईल, त्या त्या वेळी त्यात निदान एक कसोटी सामना मुंबईत, दिवसाउजेडी खेळविण्यात यावा, आणि त्या सामन्याच्या प्रेक्षागाराचा एक भाग ग्रामीण शाळांतील मुलींसाठी राखून ठेवण्यात यावा.

ही मागणी वरवर पाहता क्षुल्लक किंवा विक्षिप्त वाटेल, याची मला जाणीव आहे. ज्या काळी स्त्रियांच्या क्रिकेटला जगज्जेतेपद लाभले, लाखोंची पारितोषिके कोटींवर गेली, आणि जेथे पूर्वी खेळाडूंच्या आप्तेष्टांखेरीज कोणी फिरकत नसे तेथे प्रवेशद्वाराशी रांगा लागू लागल्या, त्या काळी एका खेडवळ मास्तराने सामना दिवसा व्हावा की रात्री, याचा खल करीत बसावे, हे काहीसे अप्रासंगिकच दिसते. पण एखादी गोष्ट सर्वांसाठी खुली आहे असे जाहीर झाल्यावर ती प्रत्यक्षात कोणाला लाभली, याचा हिशेब मांडायचा, तर सामन्याची घटका हीच त्या हिशेबातील मुख्य रक्कम ठरते. म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या स्त्रियांमधील या स्पर्धेचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात झाला, हे आज फारसे कोणी स्मरत नाही. 1973 साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा अवघ्या तीन संघांची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. आणि 1975 साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ जेव्हा या देशात आला, तेव्हा त्याच्या तीन सामन्यांतील एक पुण्यातच खेळला गेला. पुढे 1976 मध्ये शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या स्त्रियांनी वेस्ट इंडीजविरुद्ध पाटण्यास पहिला कसोटी विजय मिळविला, 1977 मध्ये पर्थ येथे ऑस्ट्रेलियाशी पहिली अधिकृत कसोटी झाली, आणि 1984 च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियन स्त्रियांनी भारतात चार कसोटी सामने खेळून चारही अनिर्णित ठेवले; त्यांतील शेवटचा वानखेडेवर होता. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या स्त्रिया भारतात कसोटी खेळल्या त्या थेट 2023 च्या डिसेंबरात. या मधल्या काळात आमच्या तालुक्यात जन्मलेली मुलगी शाळेत गेली, सासरी गेली, तिच्या मुली शाळेत जाऊ लागल्या, तरी त्या दोन संघांमधला एकही कसोटी सामना या देशाच्या भूमीवर झाला नाही. इतर प्रतिपक्षांची कथाही फारशी वेगळी नव्हती. 2014 च्या नोव्हेंबरात म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेशी झालेल्या कसोटीनंतर तब्बल नऊ वर्षे भारतीय स्त्रियांनी मायदेशी कसोटी सामना पाहिलाच नाही.

याचा अर्थ त्या खेळत नव्हत्या असा मुळीच नव्हे. खेळत होत्या, पण मर्यादित षटकांचे सामने, आणि त्यांतले कित्येक दिवे लावून. 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तेव्हा नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणात प्रवेश विनामूल्य ठेवण्याची उदारता दाखविण्यात आली, आणि 11 डिसेंबरच्या सामन्यास पंचेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. त्या रात्री दोन्ही संघांच्या 187 धावा झाल्या, सामना बरोबरीत सुटला, आणि सुपर ओव्हरमध्ये स्मृती मानधना व ऋचा घोष यांनी ऑस्ट्रेलियाच्या दर्पास असा धक्का दिला की, पुढे मालिका 4–1 अशी हरूनही लोकांच्या ध्यानात राहिली ती हीच रात्र. स्त्रियांच्या क्रिकेटला महाराष्ट्रात प्रेक्षक आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल तेथेच लागला. त्या पंचेचाळीस हजारांत ठाण्याचे, कल्याणचे, पनवेलचे लोक होते, आणि त्यांचा मला हेवा नाही. परंतु डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईच्या मुलीला त्या विनामूल्य प्रवेशाचा उपयोग काय होता, हे एकदा तिच्या पायांनी चालून पाहावे, अशी माझी आपणांस प्रार्थना आहे.

सामना संध्याकाळी सातला सुरू होतो आणि साडेदहाच्या सुमारास संपतो. शहापूरकडच्या मुलीने नेरूळहून ठाण्यास येऊन कसाऱ्याची लोकल धरली, तरी आसनगावच्या फलाटावर उतरताना मध्यरात्र उलटलेली असते, आणि तेथून तिच्या पाड्याकडे जाणारी एसटी त्या वेळी नसते. मुरबाडची अवस्था त्याहून कठीण, कारण तेथे आजतागायत रेल्वेच नाही. कल्याणच्या स्थानकावर उतरल्यावर पुढचा सारा रस्ता एसटीच्या किंवा वडापच्या भरवशावर. इतक्या रात्री, इतक्या लांबून, वयात आलेल्या मुलीला परत आणण्याची जबाबदारी कोणता बाप घेईल, आणि कोणती मुख्याध्यापिका तशा सहलीच्या अर्जावर सही करील? आपण तिकिटाचे मोल शून्यावर आणले, हे खरे. पण परतीच्या वाटेचे मोल जसेच्या तसे राहिले, आणि आमच्याकडे मुलीच्या बाबतीत सारा निर्णय परतीच्या वाटेवरच अवलंबून असतो.

2025 च्या विश्वचषकाचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. 30 ऑक्टोबरला त्याच नेरूळच्या मैदानावर सात वेळा जगज्जेत्या ठरलेल्या ऑस्ट्रेलियाने 338 धावा केल्या, आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127 धावा करून, हरमनप्रीत कौरच्या 89 धावांच्या साथीने, स्त्रियांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वांत मोठा पाठलाग पूर्ण करून परतली. तीन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामना पावसाने दोन तास खोळंबला; ज्या अवकाळी पावसाने त्या दिवसांत आमच्या खाचरांतील कापून ठेवलेले भात भिजविले, त्यानेच खेळपट्टीवरचे आच्छादन काढू दिले नाही. शेफाली वर्माच्या 87 धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी यांच्या बळावर भारताने 52 धावांनी विजय मिळविला, तेव्हा रात्रीचे बारा वाजत आले होते. त्या वेळी आमच्याकडील मुली कोठे होत्या म्हणाल, तर भावाच्या हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर मान वाकवून, रेंज येईल त्या ओट्यावर बसलेल्या होत्या. विश्वचषकाच्या वेळा एकट्या आपल्या हाती नव्हत्या, हे मी जाणतो; पण द्विपक्षीय दौऱ्याच्या असतात, आणि माझे मागणे तेवढ्यापुरतेच आहे.

आता त्या 2023 च्या दौऱ्याकडे पाहा. ऑस्ट्रेलियाचा संघ त्या हिवाळ्यात मुंबई आणि नवी मुंबईत मिळून सात सामने खेळला: एक कसोटी, तीन एकदिवसीय, तीन टी-ट्वेंटी. एकदिवसीय सामने दुपारी दीडला सुरू होऊन रात्री संपले, टी-ट्वेंटी तर सुरूच रात्री झाले. सातांपैकी सूर्यास्तापूर्वी संपणारा खेळ तेवढा कसोटीचा होता. 21 ते 24 डिसेंबर या चार दिवसांत वानखेडेवर जे घडले, ते पाहण्याजोगेही होते. पहिल्या डावात ऑस्ट्रेलिया 219 मध्ये बाद झाली. आपल्या फलंदाजांनी, त्यांत स्मृती, जेमिमा, ऋचा आणि दीप्ती या चौघींची अर्धशतके धरून, 406 धावा उभ्या केल्या. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने चिवट प्रतिकार आरंभिला, तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या उत्तरार्धात कर्णधार हरमनप्रीतने स्वतः चेंडू हाती घेऊन ताहलिया मॅकग्रा आणि प्रतिपक्षाची कर्णधार अलिसा हीली या दोघींना तंबूत धाडले. आणि चौथ्या सकाळी उरलेले पाच गडी अवघ्या 28 धावांत कोसळले. स्नेह राणाने सामन्यात सात बळी घेतले, 75 धावांचे लक्ष्य आठ गडी राखून गाठले गेले, आणि दहा कसोट्यांत चार पराभव व सहा अनिर्णित अशी खतावणी असलेल्या भारतीय स्त्रियांनी अकराव्या कसोटीत ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळविला. त्याच्या आदल्या आठवड्यात नेरूळला इंग्लंडविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी 347 धावांनी जिंकली होती, आणि धावांच्या हिशेबाने स्त्रियांच्या कसोटी क्रिकेटमधील तो सर्वांत मोठा विजय ठरला होता. दोन्ही वेळा खेळ साडेनवाच्या सुमारास सुरू झाला आणि दिवे लागण्यापूर्वी संपला.

डिसेंबर हा आमच्याकडे शाळांच्या सहलीचा महिना असतो. भातकापणी आणि झोडणी उरकलेली असते, दिवाळीची सुटी संपून सहामाहीचे गुण हाती आलेले असतात, थंडी सुखावह असते, आणि एसटी महामंडळ शालेय सहलींना अर्ध्या दराने गाडी देत असते. पहाटे शहापूरहून निघालेली गाडी खेळ सुरू होण्याच्या सुमारास चर्चगेटला पोहोचते, आणि खेळ संपल्यावर निघाली तर रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत मुली आपापल्या घरी किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात परत येतात. या मार्गाने आमच्या मुली राणीची बाग पाहून आल्या, तारांगण पाहून आल्या, गेटवेच्या पायऱ्यांवर उभ्या राहून छायाचित्रे काढून आल्या. कसोटी सामना ही तेवढीच सुलभ सहल आहे. फक्त तो भरला पाहिजे, आणि त्याची तारीख शाळेच्या वार्षिक नियोजनात बसेल इतकी आगाऊ कळली पाहिजे.

आणि सहल म्हणून त्याचे मोल इतर कोणत्याही सामन्यापेक्षा अधिक आहे, असे माझे शिक्षक या नात्याने प्रामाणिक मत आहे. टी-ट्वेंटीत चमत्कार दिसतो; तो कसा घडतो ते कळण्यापूर्वी दुसरा चमत्कार सुरू होतो, आणि ध्वनिक्षेपकाच्या गदारोळात पाहणाऱ्याच्या विचारास उसंत मिळत नाही. कसोटीत दिवसाकाठी शंभर षटके पडतात. गोलंदाज एकाच टप्प्यावर पुनःपुन्हा चेंडू टाकून फलंदाजाची परीक्षा कशी पाहते, कर्णधार क्षेत्ररक्षकास चार पावले इकडे का सरकविते, तासभर एकही चेंडू न आलेली क्षेत्ररक्षक लक्ष कसे राखते, बाद झालेली खेळाडू तंबूत जाऊन पुन्हा बाहेरच्या बाकावर कशी येऊन बसते, हे सारे बारा वर्षांच्या मुलीला डोळ्यांनी शिकता येते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेल्या मुलीला चिकाटीचा धडा कोणी वेगळा द्यावा लागत नाही; पण त्याच चिकाटीला क्रीडांगणावर मान मिळतो, टाळी मिळते आणि वेतनही मिळते, हे मात्र तिला कोणी दाखविल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही वाजवी आहेत. पहिला जमाखर्चाचा. स्त्रियांच्या कसोटीस प्रेक्षक तुरळक, प्रक्षेपणाचे उत्पन्न अल्प, आणि खर्च मात्र चार दिवसांचा. 1976 पासून 2024 पर्यंत भारतीय स्त्रियांनी जेमतेम चाळीस-एक कसोट्या खेळल्या, त्याचे एक कारण हेच आहे. परंतु हा आक्षेपच माझ्या विनंतीचा आधार आहे. वानखेडेच्या तीस हजारांवर असलेल्या आसनांपैकी जी आसने कसोटीच्या दिवशी एरवी रिकामीच राहणार, ती दोन हजार शाळकरी मुलींस दिल्याने मंडळाच्या तिजोरीतून पैही जात नाही. मंडळाने पुरुष व स्त्री खेळाडूंना सामन्याचे समान मानधन 2022 मध्येच मंजूर केले. ज्या संस्थेस तेवढी दृष्टी आहे, तिला चार दिवसांचा खर्च जड वाटावा, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की, एका दिवसाच्या सहलीने कोणी खेळाडू होत नाही. अगदी खरे. खेळाडू मैदानाने, मार्गदर्शकाने आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने होते, आणि ती तजवीज करणे हे राज्य संघटनांचे, शासनाचे आणि आम्हा गावकऱ्यांचे काम आहे. आमच्याकडे भात निघाल्यावर रिकाम्या खाचरांत आणि गायरानावर टेनिस चेंडूचे क्रिकेट होळीपर्यंत व पुढेही जोरात चालते, गावोगाव चषकांच्या स्पर्धा भरतात, ध्वनिक्षेपकावर समालोचन होते. आणि मुली बांधावर उभ्या राहून पाहतात, कारण त्या मैदानावर त्यांचा हक्क आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नाही आणि मुलग्यांनाही नाही. हा दोष आमचा आहे, मंडळाचा नव्हे, आणि तो आम्हीच निस्तरला पाहिजे. पण ज्यांच्या हाती गायरानाची वाटणी आहे ते वडीलधारे आणि ज्या तेथे उतरू इच्छितात त्या मुली, या दोघांच्याही मनात मुलींचे क्रिकेट ही एक खरी, पाहिलेली गोष्ट म्हणून आधी रुजावी लागते. त्या रुजवातीस आपले साह्य हवे आहे.

तसे झाले म्हणजे काय होते, याचे दाखले नव्या विश्वविजेत्या संघातच आहेत. वेगवान गोलंदाज रेणुका सिंह ठाकूर हिमाचलातील रोहडूकडच्या पारसा गावची. क्रांती गौड बुंदेलखंडातील घुवाऱ्याची. आणि त्या संघाबाहेरचा दाखला हवा असेल, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची कन्या किरण नवगिरे हिला 2022 मध्ये नागालँडकडून खेळून 162 धावांच्या खेळीने देशाचे लक्ष वेधावे लागले, तेव्हा कोठे तिला भारतीय संघाचा दरवाजा उघडला. आणि 2025 मध्ये तिने महाराष्ट्राकडून 34 चेंडूंत शतक ठोकून दाखविले. खेड्यात शक्ती आहे, याला आणखी पुरावा नको. ती इतके वळसे घेऊन का यावी, एवढाच प्रश्न आहे.

आणि आमच्या मुलखाविषयी कोणास शंका असेल, तर मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाचे नाव घेतो. 2016 च्या महिला दिनी तेथे साठी उलटलेल्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, आणि गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरे गिरविणाऱ्या त्या आज्यांची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. ज्या गावाने आजीच्या हाती पाटी देण्यात संकोच मानला नाही, ते नातीच्या हाती बॅट देण्यास कचरेल, असे मला मुळीच वाटत नाही.

सबब, विनंतीचा तपशील असा. पुढील महिला दौऱ्याचा कार्यक्रम ठरविताना डिसेंबर ते फेब्रुवारी या दरम्यानची एक कसोटी मुंबईस नेमावी. ती प्रकाशझोतातील गुलाबी चेंडूची नसावी, लाल चेंडूची व दिवसाची असावी. तिच्या तारखा शाळांना जूनमध्ये, नाही तर निदान गणपतीपूर्वी, कळाव्यात. प्रेक्षागाराचा एक कक्ष ग्रामीण शाळा व आश्रमशाळा यांतील मुलींसाठी राखून, त्याचे पास ठाणे व पालघर या जिल्हा परिषदांकडे आणि शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे वेळेवर पाठवावेत. आणि त्या कक्षाजवळ स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी यांचा नीट बंदोबस्त असावा, कारण मुलींची सहल कित्येकदा एवढ्याच कारणाने रद्द होते. गाडीची, शिदोरीची आणि मुलींना सुखरूप परत आणण्याची व्यवस्था आमच्या शाळा पाहतील.

ही तरतूद झाली, तर पहिल्या वर्षी आमच्या मुली येऊन बसतील आणि घरी जाऊन सांगतील. दुसऱ्या वर्षी काही गायरानांवर मुलींचे संघ उतरतील. आणि मग मैदान मिळावे, मार्गदर्शक मिळावा, म्हणून जो अर्ज तालुक्याच्या कचेरीत जाईल, त्यावर मुलींच्या स्वतःच्या सह्या असतील. त्या अर्जाला नकार देणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही. आपणांकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते आल्यास मी शाळाशाळांतून वाचून दाखवीन, आणि न आल्यास पुढच्या दौऱ्याच्या घोषणेपूर्वी पुन्हा लिहीन.



आपला नम्र,
मुरबाडकडील एक निवृत्त शिक्षक